टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा

मे महिन्यातली दुपार. ताम्हिणी चढताना मीटरवरची तापमानाची पट्टी एकेक घर वर सरकत होती आणि रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नव्हता. एका वळणावर सावली बघून बाईक उभी केली, वाकून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पांढरी टाकी पाहिली. पातळी दोन खुणांच्या बरोबर मध्ये. म्हणजे कूलंट आहे, मग बिघडलाय तो सेन्सरच, असं ठरवून मी पुन्हा किल्ली फिरवली. चुकलो ते तिथेच. तीन-चार किलोमीटरनंतर गुडघ्यांवर गोडसर वासाची वाफ यायला लागली. तासाभराने गाडी निवल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत बोट घालूनही ओल लागेना. टाकी भरलेली आणि रेडिएटर कोरडा.

हे कसं झालं ते कळलं की रेडिएटरच्या गळतीचं अर्धं कोडं सुटतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडं झाकणाबद्दल.

घरातला कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, पण कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी जवळपास १२० अंशांपर्यंत न उकळता तग धरतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. बऱ्याच झाकणांवर १.१ असा आकडा कोरलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब तेवढा बार (दाब मोजायचं एकक) जास्त होईपर्यंत झाकणातली स्प्रिंग दाबून धरते. त्यात कूलंट नुसतं पाणी नसून अर्धं इथिलीन ग्लायकॉल असतं, त्यामुळे उकळण्याचा बिंदू आणखी वर, १२५ अंशांच्या पलीकडे जातो. इंजिन तापलेलं असूनही आतला द्रव द्रवच राहतो आणि उष्णता वाहून नेतो, तो या दोन गोष्टींमुळे. यातली एक जरी गेली, म्हणजे दाब सुटला, तर कूलंट लवकर उकळतं. मग सिलिंडरच्या भोवती द्रवाऐवजी वाफ फिरते आणि वाफेला तेवढी उष्णता उचलता येत नाही. लेहला जाणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. तिथे साडेतीन हजार मीटर उंचीवर उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे सैल झाकण पुण्यात चालून गेलं तरी तिकडे चालत नाही.

आता झाकणाचं दुसरं काम. त्यात उलट्या दिशेने उघडणारी एक छोटी झडपही असते. कूलंट तापलं की फुगतं, जास्तीचं झाकणातून टाकीत जातं. गाडी निवली की कूलंट आकसतं, रेडिएटरमध्ये ओढ तयार होते आणि टाकीतलं कूलंट त्या झडपेतून परत आत येतं. ही ये-जा रोज चालते. पण रेडिएटरला सुईएवढं जरी छिद्र असलं, तर गाडी गरम असताना दाबाने तिथून कूलंट बाहेर पडतं आणि निवताना त्याच छिद्रातून हवा आत येते. हवा फुकट आणि जवळ असताना टाकीतलं कूलंट ओढायला कोण जाईल? टाकी जिथल्या तिथे राहते आणि रेडिएटर दिवसादिवसाने रिकामा होतो. टाकीची पातळी पाहून निर्धास्त झालो, ते म्हणजे शेजारच्याचं पासबुक बघून आपल्या खात्यात पैसे आहेत असं समजण्यासारखं.

म्हणून संशय आला की गाडी पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी पहिल्यांदा, रेडिएटरचंच झाकण उघडून बघायचं. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. गरम असताना ते झाकण उघडू नका, फडकं धरूनसुद्धा नाही. दाब सुटला की सव्वाशे अंशांचा द्रव एका क्षणात उकळून तोंडावर येतो. रेडिएटरला जोडलेला वरचा रबरी होज पाइप मुठीत आरामात धरता आला की मगच झाकणाला हात लावायचा.

आपल्याकडे ही भानगड तशी नवीनच. हवेवर गार होणाऱ्या गाड्यांवर आपल्या दोन पिढ्या गेल्या. २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली, २०१२ मध्ये चाकणहून ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस बाहेर पडल्या, आणि बघता बघता कॉलेजच्या पार्किंगमध्ये रेडिएटर दिसायला लागले. २०२३ मध्ये तर हिमालयन ४५० ने रॉयल एनफिल्डलाही कूलंट भरायला लावलं. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले बरेच मिस्त्री अजून या बाबतीत गाडी एकदा पाहतात, "रेडिएटर गेला, नवीन टाका" म्हणतात आणि मोकळे होतात. बऱ्याचदा रेडिएटर गेलेला नसतो.

म्हणजे पहिला प्रश्न हा नाही की छिद्र बुजवायचं कसं. पहिला प्रश्न हा, की गळतंय ते नेमकं कुठून.

कूलंट वाळलं की मागे खपली ठेवतं, पांढरट, हिरवी किंवा गुलाबी, कूलंटच्या रंगावर अवलंबून. थेंब वाऱ्याने मागे उडून भलतीकडेच दिसतो, खपली मात्र सहसा उगमापाशी जाडसर असते. आधी रेडिएटर आणि आजूबाजूचा भाग हलक्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने नको, त्याने जाळीच्या पत्र्या आडव्या होतात आणि हवाच जायची बंद होते. मग कोरडं करून एक फेरी मारा आणि टॉर्च घेऊन बसा.

सगळ्यात आधी होज पाइपची टोकं बघा. स्प्रिंगची क्लिप म्हातारी होते, रबर कडक होतं, आणि पहाटे गारठ्यात सगळं आकसलं की तिथून पाझर सुटतो. गाडी तापली की रबर फुगून तो आपोआप बंद होतो. फक्त थंडीत गळणारी गाडी असेल तर नव्वद टक्के संशय इथेच घ्यायचा. हा टक्का माझ्या अनुभवाचा आहे, कुठल्या अभ्यासाचा नाही. इलाज किरकोळ: क्लिप बदला, पाइप दाबल्यावर भेगा दिसत असतील तर पाइपही बदला.

मग वॉटर पंप. त्याच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला कूलंटचं सील, दुसऱ्या बाजूला ऑइलचं सील. दोघांपैकी एक झिजलं की गळणारा द्रव दुसरीकडे न शिरता या भोकातून बाहेर पडावा, अशी ही सोय. इथून कूलंट ठिबकत असेल तर रेडिएटरला हात लावू नका, सील बदलायचं काम आहे. आणि एक हात जोडून विनंती: ते भोक एम-सीलने बुजवू नका. मी हे केलेली गाडी पाहिली आहे. कूलंटने शेवटी ऑइलचा रस्ता शोधला आणि इंजिनमधलं ऑइल दुधाळ कॉफीसारखं झालं.

दुधाळ ऑइल, किंवा झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केल्यावर न थांबणारे बुडबुडे, हे दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवतात. तिथे सिलिंडर हेडचं गॅस्केट गेलेलं असू शकतं. बाहेर एक थेंब दिसत नाही आणि कूलंट मात्र कमी होत जातं. त्या कामाचा रेडिएटरशी संबंध नाही, या लेखाशीही नाही. थेट चांगल्या मिस्त्रीकडे जा.

याशिवाय ड्रेन बोल्टचा वायसर, सेन्सरची रबरी रिंग, आणि स्वतः झाकण. झाकणाचं रबर चिरलं तर दाबच धरला जात नाही आणि टाकी भरून वाहायला लागते. माणूस त्याला गळती समजतो. झाकण ही यातली बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणून शंका असली तर आधी तेच बदलून बघावं. फक्त आकडा तोच असू द्या. १.१ च्या जागी जास्त दाबाचं झाकण "जास्त चांगलं" म्हणून बसवलं तर तो जास्तीचा दाब जुन्या पाइपांवर आणि सांध्यांवर येतो.

हे सगळं पाहूनही काही सापडत नसेल, तर रेडिएटर उतरवायचा. माझ्या गाडीचं तेच झालं. मी आधी दोन्ही क्लिपा बदलल्या, खूश झालो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रेडिएटर अर्धा. शेवटी कूलंट डब्यात काढून घेतलं आणि रेडिएटर पिशवीत घालून पंक्चरवाल्याकडे नेला. पंक्चरवाल्याचीच युक्ती इथे चालते. सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, एका तोंडातून हलकी हवा सोडायची आणि रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवायचा. बुडबुडा येतो तिथे भोक. हवा मात्र एक, फार तर सव्वा बार. कॉम्प्रेसरच्या टाकीत सात-आठ बार असतो. तो सरळ सोडला तर एका भोकाच्या जागी रेडिएटर सांध्यातून उकलेल. माझ्याकडे सायकलचा गेजवाला पंप होता, तो जास्त बरा, कारण हात आपला असतो.

बुडबुड्यांची बारीक माळ हॉर्नच्या मागे, खालून तिसऱ्या नळीतून येत होती. पुढच्या चाकाने उडवलेला खडा. पुढचा मडगार्ड आखूड आणि रेडिएटर बरोबर त्याच्या मागे, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर हे व्हायचंच.

आता रेडिएटर म्हणजे नक्की काय ते बघू, कारण दुरुस्ती कुठली करायची ते यावर ठरतं. दोन बाजूंना रेडिएटरच्याच दोन टाक्या (कूलंटच्या पांढऱ्या टाकीहून वेगळ्या), त्यांना जोडणाऱ्या चपट्या नळ्या, आणि नळ्यांच्या मध्ये घड्या घातलेल्या पातळ पत्र्यांची जाळी. टाकीचा पत्रा त्यातल्या त्यात जाड. नळ्या मात्र कागदी म्हणाव्यात इतक्या पातळ, मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. उष्णता लवकर बाहेर जावी म्हणून तशा केलेल्या. म्हणजे टाकीतली गळती आणि नळीतली गळती हे दोन वेगळे रोग आहेत.

जुन्या ट्रकचे आणि अँबेसेडरचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. त्यांना डाख देणारे कारागीर गावोगाव होते. बत्तीने तापवलं, डाख ओतला, काम झालं. बाईकचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडची पातळ कातडी धरते आणि ती दोन हजार अंशांच्या वर वितळते. आतला धातू मात्र ६६० अंशांनाच पाणी होतो. शिवाय लोखंडासारखा तो लाल होऊन सूचनाही देत नाही. आता घट्ट दिसतोय म्हणेपर्यंत खाली सांडलेला असतो. म्हणून इथे साधं वेल्डिंग चालत नाही, आर्गन वेल्डिंग लागतं. आर्गन वायू हवेला दूर ठेवतो आणि उलटसुलट वाहणारा वीजप्रवाह ती कातडी फोडतो. भोसरी-चाकण पट्ट्यात, नाशिकच्या अंबडला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे सापडतात. टाकीला चीर असेल, झाकणाच्या गळ्याशी किंवा ब्रॅकेटच्या कोपऱ्यात फुटलं असेल, तर आर्गनवाल्याकडे जा. चांगल्या हाताचं काम गाडीच्या आयुष्यभर टिकतं.

ब्रॅकेटच्या कोपऱ्यात चीर गेली असेल तर मात्र एक गोष्ट बघा: तिथलं रबरी बुश जागेवर आहे का? रेडिएटर फ्रेमला थेट आवळायचा नसतो, तो रबरावर थोडा तरंगायला हवा. मागच्या वेळी कुणीतरी रबर हरवलं असेल आणि बोल्ट कचकून आवळला असेल, तर इंजिनचा सगळा थरथराट त्या कोपऱ्यात जातो. वेल्डिंग उत्तम झालं तरी रबराशिवाय पुन्हा तिथेच फुटणार.

नळीला मात्र आर्गनवालेही सहसा हात लावायला तयार नसतात, आणि बरोबरच आहे. एक भोक बुजवताना शेजारी दोन पडतात. शिवाय कारखान्यात सगळा रेडिएटर भट्टीत एकदम जोडलेला असतो; एका जागी जास्त आच लागली की शेजारचे सांधेही सुटू शकतात. इंटरनेटवर बत्तीने वितळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कांड्या फार सोप्या दिसतात. जाड पत्र्यावर त्या चालतात. नळ्यांवर माझा सल्ला विचाराल तर नको.

नळीसाठी दोन मार्ग उरतात. भोक बारीक असेल तर धातूची भुकटी मिसळलेला, उष्णता सोसणारा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा डिंक. सगळं यश तयारीवर असतं. भोकाच्या आजूबाजूच्या पत्र्या नोज प्लायरने अलगद काढून जागा मोकळी करायची, पॉलिश पेपरने नळी खरवडून चमकदार करायची, मग थिनर किंवा अल्कोहोलने पुसायची आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. आपल्या बोटाचं तेलसुद्धा इपॉक्सीला सुटायला पुरतं. मिश्रण नुसतं वर थापायचं नाही, दाबून भोकात आणि नळीच्या कडांभोवती बसवायचं, आणि पाकिटावर लिहिलाय तितका वेळ, बहुतेकदा २४ तास, हात लावायचा नाही. माझा पहिला थर तीन दिवसांत खपलीसारखा निघाला, कारण मी तो पंक्चरवाल्याकडेच, कूलंटने माखलेल्या नळीवर लावला होता. दुसरा घरी लावला.

भोक मोठं असेल, नळी चिरली असेल, तर ती नळीच बाद करायची. दोन्ही बाजूंना पत्र्या काढायच्या, नळी चिरेपाशी कापायची, दोन्ही टोकं टूथपेस्टच्या ट्यूबसारखी दुमडून प्लायरने चेपायची आणि वर इपॉक्सी. वीसेक नळ्यांत एक गेल्याने रेडिएटरची ताकद थोडी कमी होते, पण रोजच्या वापरात जाणवत नाही. दोन-तीन नळ्या गेल्या असतील, किंवा आतून गंज धरल्यामुळे जागोजागी पाझर असेल, तर मिस्त्री म्हणतो तेच खरं: नवीन टाका.

राहिला हळदीचा उपाय. ट्रकवाल्यांची ही जुनी युक्ती तुम्हीही ऐकली असेल: रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, गळती थांबते. थांबते, खोटं नाही. बाजारात बाटलीत मिळणारं गळतीनाशकही त्याच तत्त्वावर चालतं. बारीक कण द्रवाबरोबर फिरतात आणि बाहेर पडायच्या भोकात अडकून साचतात. पण त्या कणांना भोक कुठलं आणि वाट कुठली हे कळत नाही. ट्रकच्या रुंद नळ्यांत ते खपून जातं, बाईकच्या अरुंद नळ्यांत, थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) तेच कण चिखल करतात. रानात अडकलात आणि दुसरा उपाय नसेल तर एकदा चालेल, घरी आल्यावर सगळं धुऊन काढायचं या बोलीवर.

रानात अडकल्यावर हळदीपेक्षा पाणी बरं. गाडी निवू द्या, मग सावकाश साधं पाणी भरा. तापलेल्या इंजिनमध्ये एकदम गार पाणी ओतलं तर धातू तडकू शकतो. हळू चालवा आणि दर काही किलोमीटरला थांबा. पण घरी आल्यावर ते पाणी काढून टाका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर सांगतो. तोच थर रेडिएटरच्या नळीत बसतो, आणि पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला आतून खातात. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या, किंवा तयार मिश्रण. रंगावरून कूलंट ओळखू नका. हिरवं ते हिरव्यात घाला हा नियम खरा नाही, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा. सिलिकेट नसलेलं मिळालं तर बाईकच्या पंपाच्या सीलला ते जास्त मानवतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. डब्याला घट्ट झाकण लावून लहान मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा.

दुरुस्ती नीट होऊनही गाडी तापायचं एक कारण उरतं: आत अडकलेली हवा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, झाकण लावलं, झालं, असं नसतं. हवेचा बुडबुडा सिलिंडर हेडमध्ये अडकतो, आणि तापमानाचा सेन्सर त्या बुडबुड्यात सापडला तर मीटर चुकीचं सांगतं. इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो किंचित सैल करून नुसतं कूलंट येईपर्यंत थांबा. नसेल तर झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू करा, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल अशी थोडी कलती धरा, होज पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत जा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम बसते, घाबरू नका, पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि टाकी दोन खुणांच्या मध्ये भरा. काठोकाठ नाही, फुगलेल्या कूलंटला जागा हवी.

त्या रात्री मी गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. पहिल्या सकाळी रेडिएटर बोटभर भरावा लागला, तो उरलेल्या हवेचा हिशेब होता. दुसऱ्या सकाळी गळ्यापर्यंत. टाकीतली पातळी मात्र रात्रीपेक्षा किंचित खाली, आणि ते पाहून फार बरं वाटलं: झाकण पुन्हा ओढायला लागलं होतं. पुठ्ठा तरीही आठवडाभर ठेवला. त्यावर एक काळा डाग पडला, तो चेनच्या तेलाचा निघाला.